ऑइल कधी बदललंस?

दुबईतल्या करामा या भागाचं नाव अरबी आहे. त्याचा अर्थ प्रतिष्ठा, मान. इथं राहणाऱ्या बऱ्याच जणांना हा अर्थ ठाऊक नसतो. आपल्या लोकांना करामा माहीत असतो तो त्यातल्या त्यात परवडणाऱ्या भाड्यासाठी, मासळीबाजारासाठी आणि वडापावपासून मलबारी पराठ्यापर्यंत सगळं देणाऱ्या हॉटेलांसाठी. जुन्या, कमी उंचीच्या इमारती, एका खोलीत चार-सहा ‘बेडस्पेस’, खाली बकाला म्हणजे किराणा दुकान, आणि संध्याकाळी सातनंतर प्रत्येक हॉटेलसमोर दुचाकींची रांग. प्रत्येकीच्या मागे खोकं, प्रत्येकीजवळ हेल्मेट न काढता मोबाइलकडे बघत उभा असलेला एक तरुण.

या दुचाकींकडे नीट पाहिलं तर ओळखीच्या निघतात. होंडाची युनिकॉर्न आणि बजाजची पल्सर. पल्सर तर आपली अगदी घरची. नोव्हेंबर २००१ मध्ये ती बाजारात आली आणि चाकणच्या कारखान्याचं नाव तिच्याबरोबर देशभर झालं. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या त्या गावातली गाडी इथं वाळवंटाच्या कडेला बिर्याणी पोहोचवते आहे, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

माझ्याकडेही एक जुनी पल्सर आहे. तिचं ऑइल आणि फिल्टर मी बिल्डिंगच्या मागच्या पार्किंगमध्ये स्वतःच बदलतो. हे बघून शेजारचे दोन-तीन रायडर येऊन बसायला लागले. आधी गंमत म्हणून, मग प्रश्न घेऊन. त्यांचे प्रश्न माझ्यापेक्षा फार मोठे होते, कारण माझी गाडी हौसेची आणि त्यांची पोटाची. म्हणून आजचा विषय हा. वाचायला रूक्ष वाटेल, पण आखातात दुचाकी चालवणाऱ्या हजारो मुलांच्या महिन्याच्या मनिऑर्डरीशी त्याचा थेट संबंध आहे.

गावाकडचे पाच महिने, इथले वीस दिवस

गावाकडे आपण गाडी किती चालवतो? घर ते ऑफिस, मंडई, एखादी चक्कर. दिवसाला वीस किलोमीटर धरले तर महिन्याला सहाशे. तीन हजार किलोमीटर व्हायला पाच महिने लागतात. त्यामुळे ‘दिवाळीला आणि पावसाळ्याआधी ऑइल बदलायचं’ हा हिशेब तिकडे चालून जातो.

आता रायडरचा हिशेब करा. दिवसाला दीडशे किलोमीटर ही काही फार मोठी गोष्ट नाही. बारा तासांच्या पाळीत सहज होतात. म्हणजे तेच तीन हजार किलोमीटर वीस दिवसांत संपतात. जे काम आपण सणावारी करतो, ते या मुलांना पगाराच्या आधी एकदा करावं लागतं.

आणि हे फक्त किलोमीटरचं झालं. करामातून बुर्जुमानकडे किंवा ऊद मेथाकडे संध्याकाळी निघालात तर सिग्नलमागून सिग्नल. गाडी उभी असते, इंजिन चालू असतं. काटा एक किलोमीटरही पुढे सरकत नाही, पण ऑइल मात्र तापत राहतं. पल्सर १५० सारख्या इंजिनाला थंड करायला पाणी नसतं, वाऱ्यावरच भिस्त. गाडी उभी म्हणजे वारा नाही. त्यात जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरचा वाराच चाळीस-पंचेचाळीस अंशांचा. अशा वेळी मीटरवरचा आकडा बघून ‘अजून पाचशे बाकी आहेत’ म्हणणं म्हणजे घड्याळ बंद पडलंय म्हणून संध्याकाळ झाली नाही असं समजण्यासारखं आहे.

गाडीच्या पुस्तिकेत जे अंतर दिलेलं असतं ते साध्या वापरासाठी असतं. धूळ, कडक ऊन, सतत थांबत-सुरू होत चालणं, मागे ओझं, हे सगळं ज्याच्या वाट्याला येतं त्यानं ते अंतर कमी करायला हवं. करामातला रायडर या चारही रकान्यांत बसतो.

एक लिटर, तीन कामं

चारचाकी आणि दुचाकी यांत एक मोठा फरक आहे, तो कळला की बाकी सगळं आपोआप कळतं. साध्या मोटारीत इंजिनाचं ऑइल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. इंजिनात तीन-चार लिटर ऑइल असतं. पल्सर किंवा युनिकॉर्नमध्ये मात्र सगळं मिळून साधारण एक लिटर, आणि तेच ऑइल तीन ठिकाणी राबतं. पिस्टन आणि क्रँकला वंगण, गिअरच्या दातांना वंगण, आणि क्लचच्या प्लेटाही त्यातच भिजत असतात. गिअरचे दात ऑइलला अक्षरशः चिरडतात, त्यामुळे त्याचा घट्टपणा हळूहळू मोडतो. वरून उष्णता. खालून पेट्रोलच्या ज्वलनाची काजळी. एक लिटर बिचारं किती सोसणार?

वंगण हा शब्द आपल्याला बैलगाडीपासून ठाऊक आहे. आसाला वंगण नसेल तर चाक कुरकुरतं, सगळ्या वाटेवर ऐकू येतं. इंजिनाचं तसं नाही. ते बराच वेळ गप्प बसतं आणि एकदम बंद पडतं.

म्हणून ऑइल कुठलं घालायचं हे महत्त्वाचं. डब्यावर ‘२०डब्ल्यू-५०’ किंवा ‘१०डब्ल्यू-३०’ असं छापलेलं असतं. यातला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहील ते सांगतो, नंतरचा आकडा शंभर अंश तापमानाला ते किती दाट राहील ते सांगतो. पल्सरला सहसा २०डब्ल्यू-५० सांगतात, होंडाच्या छोट्या गाड्यांना १०डब्ल्यू-३०. ‘इथं ऊन फार, म्हणून सगळ्यांनाच जाड घाला’ असा सल्ला पार्किंगमध्ये फुकट मिळतो. तो घेऊ नका. ज्या इंजिनाच्या ऑइलच्या वाटा पातळ ऑइलसाठी बनवल्या आहेत त्याला पुस्तिकेतलंच द्यावं.

दुसरी खूण याहून मोठी: ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’. हे दुचाकींसाठी जपानमध्ये १९९८ साली आलेलं मानक आहे. मोटारीच्या बऱ्याच ऑइलमध्ये इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. मोटारीला ती चांगली. पण दुचाकीचा क्लच चालतोच मुळी घर्षणावर. त्या ऑइलनं प्लेटा घसरायला लागतात; ॲक्सिलरेटर पिळला तर आवाज वाढतो, गाडी पुढे जात नाही. सुपरमार्केटमध्ये मोटारीच्या ऑइलचा चार लिटरचा कॅन ऑफरमध्ये दिसला की चार जणांनी वर्गणी काढून घ्यायचा मोह होतो. त्यावर ‘एमए’ नसेल तर तो कॅन तिथंच ठेवावा.

पार्किंगमधली अर्धा तासाची गोष्ट

आता प्रत्यक्ष काम. आधी जागा. रस्त्यावरच्या सार्वजनिक पार्किंगमध्ये हे करायचं नाही. बिल्डिंगच्या खासगी जागेत, आणि तेही नातूरला विचारून. नातूर म्हणजे इथला वॉचमन. आमचा नातूर पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून उभा होता. “भाईसाब, एक बूंद भी गिरा तो मालिक मेरेको बोलेगा.” त्याचं खरं होतं. तेव्हापासून खाली आधी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर प्लास्टिक, आणि मग गाडी, हा आमचा करार. काम झाल्यावर तोच येऊन फरशी बघून जातो.

सामान फार लागत नाही. योग्य मापाचा बॉक्स पाना किंवा रिंग पाना, नवीन फिल्टर, ड्रेन बोल्टचा नवीन वॉशर, फिल्टरच्या झाकणाची नवी ओ-रिंग, नरसाळं, जुनी चिंधी, हातमोजे, आणि पिण्याच्या पाण्याचा पाच लिटरचा रिकामा कॅन. तो आडवा ठेवून वरची बाजू कापली की ऑइल धरायला उत्तम परात तयार होते. उघड्या तोंडाचा पाना मात्र वापरू नका, बोल्टच्या कडा जातात.

हातमोज्यांना हसणारे भेटतात. “आमच्याकडे गॅरेजमधला पोऱ्या तर कोपरापर्यंत हात घालतो,” असं एक जण म्हणाला. घालत असेल. पण वापरलेलं ऑइल वर्षानुवर्षं कातडीला लागत राहणं घातक असतं, आणि वीस-वीस दिवसांनी हे काम करणाऱ्यानं तर ते लक्षात ठेवायलाच हवं.

पहिली पायरी, इंजिन कोमट करणं. थंड ऑइल घट्ट असतं आणि तळाचा गाळ तिथंच राहतो. हिवाळ्यात तीन-चार मिनिटं गाडी चालू ठेवली की पुरे. उन्हाळ्यात उलटं. पाळी संपवून आलेली गाडी एवढी तापलेली असते की ऑइल अंगावर उडालं तर भाजेल. अशा वेळी पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. उन्हाळ्यात मी हे काम पहाटेच्या अजाननंतर करतो, त्या वेळेलाच काय तो पार्किंगमध्ये श्वास घेता येतो.

गाडी डबल स्टँडवर सरळ उभी करायची. साइड स्टँडवर कललेल्या गाडीतून सगळं ऑइल निघत नाही. वरचं ऑइल भरायचं झाकण सैल करायचं म्हणजे हवा आत जाते आणि ऑइल एकसारखं वाहतं. मग खालचा ड्रेन बोल्ट. तो शेवटच्या आट्यांवर आला की बोटांनी धरून झटकन बाजूला घ्यायचा, नाहीतर तो परातीत बुडतो. आता दहा मिनिटं काहीही करायचं नाही. शेवटचे थेंब पडेपर्यंत चहा होतो.

पल्सर १५० मध्ये फिल्टर उजव्या बाजूला, तीन बोल्टांच्या छोट्या गोल झाकणाखाली असतो. कागदी फिल्टर, धुऊन परत घालायचा नाही. झाकण काढताना स्प्रिंग आणि ओ-रिंग कशी, कुठं, कोणत्या बाजूनं बसली होती त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फिल्टर उलटा बसला तर ऑइल गाळलं जात नाही किंवा वाट अडते, आणि बाहेरून हे कुणालाही दिसत नाही. ओ-रिंगला बोटानं थोडं नवं ऑइल लावून बसवायची, तीनही बोल्ट थोडे-थोडे आळीपाळीनं आवळायचे.

प्रत्येक गाडीत असा कागदी फिल्टर असेलच असं नाही. हिरो होंडाच्या स्प्लेंडरसारख्या इंजिनांत जाळी असते आणि फिरत्या चकतीत कचरा बाहेरच्या बाजूला फेकून अडकवणारा फिल्टर असतो. तो साफ करायला उजवं मोठं कव्हर उघडावं लागतं. ते पार्किंगचं काम नव्हे. अशा गाडीचं नुसतं ऑइल घरी बदला, आतला फिल्टर ठरावीक अंतरानं गॅरेजमध्ये साफ करून घ्या.

ड्रेन बोल्ट परत लावताना पहिले तीन-चार आटे बोटांनीच. पाना नंतर. आणि पाना बेतानं. इंजिनाचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा, बोल्ट लोखंडी. कुस्ती खेळल्यासारखं आवळलंत तर आटे जातात आणि दहा मिनिटांचं काम आठवड्याचं होऊन बसतं. गळू नये म्हणून ताकद लावायची नसते, नवा वॉशर लावायचा असतो.

मग नवं ऑइल. पुस्तिकेत जेवढं लिहिलंय त्यापेक्षा थोडं कमी आधी घालायचं. गाडी दोन-तीन मिनिटं चालू ठेवायची, बंद करायची, काही मिनिटं थांबायचं आणि मग पातळी बघून उरलेलं घालायचं. पल्सरला बाजूला काचेची खिडकी आहे, दोन खुणांच्या मध्ये ऑइल दिसलं पाहिजे. होंडाला काडी असते. ती मोजताना पिळून बसवायची नाही, नुसती टेकवून बाहेर काढायची. “जास्त घातलं तर बरंच ना?” हा प्रश्न हमखास येतो. नाही. जास्त झालेलं ऑइल आत फेसाळतं, फेसाला वंगण म्हणत नाहीत. शिवाय ते श्वासनळीतून एअर फिल्टरमध्ये जातं आणि सीलांवर दाब देतं.

शेवटी एअर फिल्टरही बघून घ्यावा. इथली धूळ मैद्यासारखी बारीक असते. एअर फिल्टर फाटका असेल तर ती धूळ सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरते आणि नवं ऑइल आठवड्यात पॉलिश पेपरचं काम करायला लागतं.

काळं ऑइल काय सांगतं

गॅरेजमध्ये आपण काउंटरवर पैसे देतो, निघालेलं ऑइल बघतच नाही. स्वतः केलं की ते परातीत समोर पडलेलं असतं. माझ्या मते घरी ऑइल बदलण्याचा खरा फायदा हाच. वाचलेले दिरहम नंतर.

ऑइल काळं झालं म्हणजे वाईट झालं असं नाही. काजळी स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पण ते बोटांच्या चिमटीत पाण्यासारखं लागलं तर फार उशीर केलाय. पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटर किंवा रिंगा बघायला हव्यात. उन्हात परात हलवली आणि चमकी दिसली, म्हणजे पूड नव्हे तर धातूचे कण दिसले, तर आत काहीतरी झिजतंय. तेव्हा गाडी चालवत राहणं थांबवून मेकॅनिक गाठावा. निघालं किती, हेही मोजावं. घातलं होतं एक लिटर आणि निघालं पाऊण, तर उरलेलं गळलं किंवा जळलं.

आणि एक रंग असा की जो इथं कधी दिसेल असं वाटलं नव्हतं. १६ एप्रिल २०२४ ला अमिरातीत जो पाऊस पडला तो दुबईत राहणारा कुणी विसरणार नाही. अल ऐनजवळ एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. दुबईत रस्ते पाण्याखाली, विमानतळ खोळंबलेला, तळघरातली पार्किंगं भरलेली. पाणी ओसरल्यावर आमच्याकडच्या एका गाडीची काडी बाहेर काढली तर तिच्यावर दुधाळ चहाच्या रंगाचं काहीतरी. पाणी आणि ऑइल एकत्र घुसळलं की असंच दिसतं. कोकणात, कोल्हापूर-सांगलीच्या पुरात ज्यांच्या गाड्या बुडाल्या त्यांना हा रंग चांगला माहीत आहे. नियम एकच: बुडालेली गाडी ‘सुरू होते का बघू’ म्हणून किक मारायची नाही. आधी ऑइल काढायचं, प्लग काढून सिलिंडर कोरडा करायचा, फिल्टर बदलायचा, नवं ऑइल घालून थोडा वेळ चालवून तेही परत काढायचं. दुधाळपणा जाईपर्यंत. दोन लिटर ऑइल वाया गेल्यासारखं वाटतं, पण इंजिन वाचतं.

“गाडी बंद म्हणजे मी बंद”

सातारा जिल्ह्यातला एक मुलगा आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. मला काका म्हणतो. गाडी कंपनीनं दिलेली, पण दुरुस्तीचा खर्च त्याच्याच कमाईतून कापला जायचा. ऑइल बदलायची वेळ टळून गेली होती. का, तर अल कोझमधल्या गॅरेजला जायचं म्हणजे अर्धा दिवस, आणि अर्धा दिवस म्हणजे तेवढ्या ऑर्डरी गेल्या. महिनाअखेर होती, गावी बहिणीची फी भरायची होती. आज करू, उद्या करू.

गाडी जुनी, थोडं-थोडं ऑइल जाळायची. त्यानं काडी काढून पाहिलीच नव्हती. जुलैमधल्या एका दुपारी इंजिनाचा आवाज बदलला, टकटक सुरू झाली. त्याला वाटलं चेन सैल झाली असेल. दुसऱ्या दिवशी वाहत्या रस्त्यावर पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. मुलगा हुशार, त्यानं त्याच क्षणी क्लच दाबला आणि गाडी ओघळत कडेला आली. मागून ट्रक येत होता. तो क्लच एका सेकंदानं उशिरा दाबला गेला असता तर मी हा लेख वेगळ्या विषयावर लिहिला असता.

त्याला काही लागलं नाही. पण पुढचे अकरा दिवस गाडी गॅरेजमध्ये, सिलिंडर-पिस्टन नवे, आणि ऑर्डर शून्य. रोज संध्याकाळी तो जिन्यात बसून इतरांच्या गाड्या जाता-येताना बघायचा. “काका, गाडी बंद म्हणजे मी बंद,” एवढंच म्हणाला. फी भरली शेवटी, पण खोलीतल्या चौघांकडून उसने घेऊन.

त्यानंतर त्याला मी एक छोटी वही दिली. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात मीटरचा आकडा, तिसऱ्यात किती घातलं, चौथ्यात किती निघालं. दर दोन दिवसांनी पाळीला निघण्याआधी ऑइलची पातळी. याला एक मिनिट लागतं, ऑर्डर बुडत नाही. त्याच्या खोलीतल्या दुसऱ्यानं त्याच वहीत स्वतःच्या गाडीचं पान सुरू केलं. तिसऱ्यानंही.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गाडी कंपनीच्या नावावर असेल किंवा वॉरंटीत असेल, तर विचारल्याशिवाय ती स्वतः उघडायची नाही. हा मुलगा आता त्याच्या सुपरवायझरला मेसेज करून, ऑइलच्या डब्याचा आणि बिलाचा फोटो पाठवून मगच काम करतो. पण पातळी बघायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि वेळ आली की ‘ऑइल बदलायचंय’ हे लेखी कळवायलाही नाही. नंतर इंजिन गेलं तर खर्च कुणाचा, या वादात तो मेसेज कामाला येतो.

परातीतलं ऑइल कुठं जातं

काम संपतं आणि परातीत एक लिटर काळं ऑइल उरतं. इथंच पुष्कळ जण घाई करतात. आपल्याकडे खेड्यात ते वाया जात नाही असं म्हणतात. वाळवी लागू नये म्हणून खांबांना लावतात, गेटच्या बिजागऱ्यांना घालतात. जे उरतं ते गटारात किंवा मातीत. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा एक प्रसिद्ध दाखला आहे: एका गाडीच्या ऑइल बदलातून निघणारं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं. ते मोटारीचं माप झालं. पण करामात महिन्याला किती दुचाकींचं ऑइल बदललं जात असेल याचा अंदाज तुम्हीच बांधा, आणि मग ही पाण्याची किंमत करा. इथं तर पिण्याचं पाणी समुद्राचं खारेपण काढून बनवावं लागतं.

आपल्या देशातही वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून शुद्ध करण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकण्यात आली आहे. कारण हे ऑइल संपलेलं नसतं, फक्त मळलेलं असतं. गाळून, शुद्ध करून त्याचं पुन्हा वंगण होतं.

आमची पद्धत सोपी आहे. परातीतलं ऑइल नरसाळ्यानं नव्या ऑइलच्याच रिकाम्या डब्यात भरायचं, झाकण घट्ट लावायचं, वर मार्करनं ‘जुनं’ असं लिहायचं. जुना फिल्टर रात्रभर निथळत ठेवून पिशवीत बांधायचा. चार-पाच डबे जमले की अल कोझकडे जाणारा कुणीतरी ओळखीच्या गॅरेजमध्ये नेऊन देतो. तिथं जुन्या ऑइलचं मोठं पिंप असतं, ते गोळा करणारा टँकर ठरावीक दिवसांनी येतो. डब्यात पाणी, पेट्रोल किंवा ब्रेक ऑइल मिसळायचं नाही. मिसळलेलं गॅरेजवाले घेत नाहीत. फरशीवर चुकून थेंब पडलाच तर त्यावर वाळू किंवा मांजराच्या शौचाची माती टाकायची, शोषून घेतली की झाडून पिशवीत. पाणी मारून गटाराकडे ढकलायचं नाही. नातूरचं बारीक लक्ष असतं आणि असलंच पाहिजे.

दुबईत रायडरांसाठी आता काही सोयी झाल्या आहेत. आरटीएनं ठिकठिकाणी वातानुकूलित विश्रांतीकक्ष उभे केले आहेत, तिथं पाणी मिळतं, मोबाइल चार्ज होतो. माणसाला अर्धा तास सावली मिळायला लागली, हे चांगलंच झालं. गाडीची सावली म्हणजे तिचं ऑइल, आणि ती सोय ज्याची त्यानं करायची असते.

हे वाचणाऱ्यांत अशी बरीच घरं असतील, ज्यांचा मुलगा किंवा भाऊ दुबईत, शारजात, दोह्यात, कुवेतमध्ये दुचाकीवर काम करतोय. तुम्ही रोज रात्री फोन करता. जेवलास का, झोप होते का, पैसे पोहोचले, हे सगळं विचारता. तो ‘हो हो’ म्हणतो, कारण घरच्यांना काळजीत टाकायचं नसतं. पुढच्या फोनला आणखी एक प्रश्न विचारा: ऑइल कधी बदललंस? मीटरवर आकडा किती होता? त्याला नक्की आठवलं तर निश्चिंत झोपा. ‘बघतो, पुढच्या आठवड्यात’ असं म्हणाला तर फोन ठेवायच्या आधी त्याला खाली पाठवा. काडी काढून बघायला एकच मिनिट लागतं, तेवढा वेळ तुम्ही लाइनवर थांबा.